गिलानुपट्ठाक : विनयपिटकातील रुग्णसेवेचा विचार

विनयपिटकाच्या महावग्गातील आठव्या, म्हणजे चीवरक्खंधकाचा आरंभ सुप्रसिद्ध वैद्य जीवकाच्या कथेने होतो. याच खंधकात पुढे एका अनाम भिक्खूची हकीकत येते. पहिली कथा औषधोपचाराची आहे, दुसरी रुग्णाच्या एकाकीपणाची.

अतिसाराने ग्रासलेला हा भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. निवासस्थाने पाहत भगवान बुद्ध आयुष्मान आनंदांसह तेथे आले. शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, या प्रश्नाला त्याने नकारार्थी उत्तर दिले. कारण विचारता तो म्हणाला, की आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत. स्वतःसाठी त्याने वापरलेला पालि शब्द ‘अकारक’ असा आहे. शरीराच्या व्याधीबरोबर निरुपयोगीपणाची ही जाणीवही तो सोसत होता, आणि सहवासीयांच्या वर्तनाने ती दृढ केली होती.

भगवंतांनी पाणी आणविले. त्यांनी ते स्वतः ओतले, आनंदांनी अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खूंना एकत्र करून त्यांनी समजाविले, की येथे तुमची काळजी घेण्यास मातापिता नाहीत. तुम्हीच परस्परांची सेवा केली पाहिजे. उपाध्याय, आचार्य, शिष्य अशी जबाबदारीची क्रमवारी त्यांनी लावून दिली. यांपैकी कोणीही नसल्यास ती संघाची ठरली. न पाळल्यास दुक्कट आपत्ती. अशा रीतीने रुग्णसेवा व्यक्तीच्या दयाबुद्धीवर न राहता संघाचे कर्तव्य बनली. रुग्ण उपयोगी आहे की नाही, हा प्रश्नच त्यात उरला नाही.

सेवकाची, म्हणजे गिलानुपट्ठाकाची, पाच लक्षणेही येथे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीचित्ताने सेवा करावी, मलमूत्र काढताना किळस मानू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करावे. मनाची काळजी हा शुश्रूषेचाच भाग मानला गेला, हे या पाचव्या लक्षणावरून स्पष्ट होते.

या विचाराचा पुरातत्त्वीय मागोवाही घेता येतो. पाटण्याजवळील कुम्रहार येथे १९५१ ते १९५५ या काळात झालेल्या उत्खननात ‘आरोग्यविहार’ आणि भिक्खुसंघ यांचा उल्लेख असलेली गुप्तकालीन मृण्मुद्रा मिळाली. पाचव्या शतकाच्या आरंभी पाटलिपुत्रात आलेल्या फाहियाननेही तेथील धर्मार्थ रुग्णालयांत दरिद्री, अनाथ व अपंग यांना उपचार मिळत असल्याचे नोंदविले आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाचा समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. परंतु रुग्णालयातून परतलेल्या माणसाच्या दाराशी कोण जाणार, हे कायदा ठरवू शकत नाही. जीवकाचे औषध हवेच. त्याच्या जोडीला गिलानुपट्ठाकही हवा. आपल्या वस्तीतील विहारात दर पौर्णिमेला उपासक-उपासिका जमतात. त्या दिवशी कोण आले नाही आणि का आले नाही, याची चौकशी करणे, हे या विनयनियमाचे आजचे पालन ठरेल.