चारशे यार्डांची वाट

घरात इंटरनेटची जोडणी आली की तिच्या पाठोपाठ एक वादही येतो. सकाळी वेग मोजावा तर आकडा नव्वद. रात्री जेवणे आटोपल्यावर मोजावा तर चाळीस. बैठकीत एक, स्वयंपाकघरात दुसरा आणि धाकट्या मुलीच्या संगणकावर तिसराच! ‘कंपनी लबाड आहे’ असा निकाल वडीलधारे देतात. ‘मोजणीच खोटी’ असे चिरंजीव म्हणतात. वाद जुना आहे, आणि त्याचे मूळ शंभराहून अधिक वर्षे मागे सापडते.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत अर्लांग नावाचे एक गणिती होते. दोन एक्स्चेंजांमध्ये तारा किती टाकाव्यात, हा कंपनीपुढचा प्रश्न. प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र तार परवडणारी नव्हती, आणि सगळेच ग्राहक एकाच क्षणी बोलतात असेही नव्हे. येणाऱ्या फोनांची संख्या संभवशास्त्राच्या नियमाने चालते, हे अर्लांग यांनी १९०९ साली दाखविले. थोड्या तारांवर पुष्कळांची सोय होते ती याच हिशेबाने. मात्र सर्वांनी एकदम फोन उचलला, तर उरलेल्यांना ‘लाइन व्यस्त’ एवढेच ऐकावे लागे.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे निराळी युक्ती काढली. निरोपाचे लहान लहान तुकडे करावेत आणि जागा मिळेल तसा एकेक तुकडा तारेवरून सोडावा. आता ‘व्यस्त’ म्हणून कोणी परत जाईना; पण गर्दी वाढली की प्रत्येकाची चाल मंदावू लागली. चाळीतल्या एका नळावर चार घागरी लागाव्यात, तसेच हे झाले. पाणी सर्वांना मिळते; घागर केव्हा भरेल, ते मात्र रांगेवर अवलंबून.

या व्यवस्थेची खरी कसोटी ऑक्टोबर १९८६ मध्ये लागली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्ड. तेथला वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून एकाएकी चाळीस बिटांवर घसरला. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच अक्षरे. चालत जाऊन चिठ्ठी देणारा माणूसही यापुढे वेगवान ठरला असता! तार तुटली नव्हती, यंत्रही बिघडले नव्हते. पोच वेळेवर आली नाही की प्रत्येक संगणक तोच तुकडा पुन्हा पाठवी. त्यामुळे गर्दी आणखी वाढे आणि पोच आणखी लांबे.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर जो उपाय शोधला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. उपाय तंत्राचा खरा, पण त्यात शहाणपण घरगुती आहे. आरंभ जपून करावा, वाट मोकळी दिसेल तसा वेग वाढवावा, आणि तुकडा हरवला की गर्दी झाली असे समजून आपला वेग निम्म्यावर आणावा. या संयमावर इंटरनेट तगले.

आपल्या आकड्यांची चंचलता येथेच जन्मली. वेग मोजणे म्हणजे तार मोजणे नव्हे. एखाद्या सर्व्हरवरून काही सेकंद माहिती ओढायची आणि ती किती आली हे पाहायचे, एवढाच तो प्रयोग. तो सर्व्हर दूर असेल तर पोच उशिरा येते आणि वेग सावकाश चढतो. काही वेळा चढण्यापूर्वीच चाचणी संपते. एक चाचणी एकाच प्रवाहाने माहिती ओढते, दुसरी एकदम अनेक प्रवाहांनी. दुसरीचा आकडा बहुधा मोठा येतो. त्यात भर वाय-फायची. तो हवेतला मार्ग शेजाऱ्यांच्याही वाट्याचा. मध्ये भिंत आली की क्षीण होतो, आणि मायक्रोवेव्ह भट्टी चालू असली तरी त्याला अडथळा होतो.

२०१० साली जिम गेटिस यांनी आणखी एक दोष उजेडात आणला. तुकडे हरवू नयेत म्हणून यंत्रांत साठवणीच्या जागा फार मोठ्या ठेवल्या गेल्या होत्या. त्यामुळे तुकडे हरवत नसत, पण रांगेत खोळंबून राहत. आकडा भरघोस आणि बोलणे मात्र अडखळते, हा अनुभव त्यातलाच.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले गेले. २०२३ साली ही किमान मर्यादा दोन मेगाबिट झाली. आकडे वाढले, वाटेकरीही वाढले.

म्हणून कंपनी निर्दोष, असे मुळीच नव्हे. ‘अमुक वेगापर्यंत’ यातले ‘पर्यंत’ फार सोयीचे असते. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी संगणक तारेने राउटरला जोडावा, घरातली इतर उपकरणे थांबवावीत, जवळचा सर्व्हर निवडावा आणि सकाळ-दुपार-रात्र असे काही दिवस आकडे वहीत टिपावेत. केवळ रात्री आकडा पडला, तर कंपनीने वाटेकरी फार केले असावेत. सदासर्वदा पडलेला असला, तर दोष जोडणीत किंवा करारात शोधावा. एका आकड्यावर भांडण होते. वहीभर आकड्यांवर न्याय मागता येतो.