एका कसोटीचा मानकरी : लेस्ली गे

क्रिकेटच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांनीं लिहिलीं जातात, त्यांच्याविषयीं आज मला बोलावयाचें नाहीं. ज्याच्या वांट्यास आयुष्यांत अवघा एक कसोटी सामना आला, अशा लेस्ली गे या इंग्रज खेळाडूची हकीकत मी सांगणार आहें.

गे याचा जन्म १८७१ सालीं ब्रायटन येथें झाला. केंब्रिज विद्यापीठांत शिकत असतांना तो क्रिकेटमध्यें यष्टिरक्षक होता आणि फुटबॉलमध्यें गोलरक्षक. दोन्ही कामें एकाच जातीचीं! अडविलेल्या चेंडूंची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. सुटलेला एक चेंडू मात्र सर्वांच्या ध्यानांत राहतो. १८९३ च्या केंब्रिज संघांत त्याच्या जोडीला आपले रणजितसिंहजीहि होते. १८९३ व १८९४ या दोन वर्षांत तो इंग्लंडतर्फे फुटबॉलचे तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळला. दोन स्कॉटलंडशीं व एक वेल्सशीं. कौंटी क्रिकेटमध्यें तो सॉमरसेट व हँपशायर यांच्या बाजूनें उतरला.

१८९४ च्या अखेरीस स्टॉडर्ट यांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियास गेला. त्यांत गे होता. डिसेंबरांत सिडनी येथें पहिली कसोटी सुरू झाली. ऑस्ट्रेलियानें ५८६ धावांचा डोंगर रचला. ग्रेगरीच्या २०१ व गिफेनच्या १६१. या डावांत गेच्या हातून झेल निसटले, आणि तेंच पुढें त्याच्या नांवाला चिकटलें. इंग्लंडचा डाव ३२५ वर आटोपला व त्याला फॉलो-ऑन घ्यावा लागला. दुसऱ्या डावांत वॉर्डच्या ११७ धावांच्या आधारें ४३७ झाल्या. तरीहि ऑस्ट्रेलियास हव्या होत्या फक्त १७७. पांचव्या दिवशीं खेळ थांबला तेव्हां धावफलक होता दोन बाद ११३!

त्या रात्रीं पाऊस पडला. खेळपट्टी झांकण्याची चाल तेव्हां नव्हती. सकाळच्या उन्हांत भिजलेल्या मातीवर चेंडू मनमानेल तसा वळूं लागला. पील व ब्रिग्ज या डावखुऱ्या गोलंदाजांनीं ऑस्ट्रेलियाचा डाव १६६ वर गुंडाळला. इंग्लंड दहा धावांनीं विजयी झालें. फॉलो-ऑन मिळालेल्या संघानें कसोटी जिंकल्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

आतां गेचा हिशेब पाहूं. त्यानें ३३ व ४ अशा सदतीस धावा केल्या, आणि विजय दहा धावांचा! अखेरच्या डावांत पीलच्या गोलंदाजीवर त्यानें ट्रॉटला व द्विशतक काढणाऱ्या त्याच ग्रेगरीला झेलून, तर रीडमनला यष्टिचीत करून बाद केलें. परंतु पुढील कसोटीस त्याची जागा फिलिपसनला मिळाली. मालिका इंग्लंडनें ३-२ अशी जिंकली; गेला मात्र पुन्हा कसोटी मिळाली नाहीं. १९४९ सालीं त्याचें निधन झालें.

असा विजय पुन्हा दिसण्यास १९८१ चें लीड्स उजाडावें लागलें. नंतर २००१ मध्यें कलकत्त्यास भारतानें व २०२३ मध्यें वेलिंग्टन येथें न्यूझीलंडनें तो पराक्रम केला. या विजयांच्या कथा सांगतांना शतकवीर व गोलंदाज आठवतात, तें योग्यच आहे. पण उत्तरपत्रिका तपासतांना एका ढोबळ चुकीसाठीं बाकीचीं बरोबर उत्तरें न वाचणारा परीक्षक आपण न्यायी मानीत नाहीं. सिडनीच्या त्या विजयांत गेचे सुटलेले झेल मोजावयाचे, तर त्याच्या सदतीस धावा व शेवटच्या डावांतले ते तीन बळीहि मोजले पाहिजेत.