पेरलं होतं तेवढंच

बूट काढून ठेवा. डोक्यावर जाळीची टोपी चढवा, अंगात पांढरा झगा, हातात मोजे. तुम्ही आता 2014 सालात आहात, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठच्या ओवेन्सबरो गावात. बाहेर सगळा तंबाखूचा मुलूख. लाकडी कोठारांत पानं उलटी टांगून वाळवण्यात इथल्या पिढ्या गेल्या. तुम्हाला मात्र आत जायचंय, जिथे रोपांवर ऊन पडतं ते विजेच्या दिव्यांचं.

दार उघडलं की दमट ऊब तोंडावर येते, चष्म्याची काच धुरकटते. मांडण्यांवर ट्रे आणि ट्रेमध्ये मऊ पानांची बुटकी रोपं. हीही तंबाखूच्याच कुळातली, मूळची ऑस्ट्रेलियाची, पण विडी-सिगारेटच्या कामाची नाहीत. विषाणू आत शिरला तर या जातीला धड प्रतिकार करता येत नाही, आणि नेमक्या त्याच दुबळेपणासाठी तिला इथे आणलंय. शिवाय या रोपांच्या जनुकांत आधीच फेरफार झालाय. वनस्पती आपल्या प्रथिनांना स्वतःच्या खास साखरा चिकटवतात. या रोपांची ती सवय मोडली आहे, म्हणजे पानात तयार झालेलं प्रथिन माणसाच्या शरीराला परकं वाटू नये.

जरा बाजूला सरका, ट्रे उलटा होतोय! पानं खाली, मुळं वर, अशी रोपं टाकीतल्या द्रवात बुडतात. त्या द्रवात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू आहेत आणि त्यांच्या पोटात इबोलाविरुद्धच्या प्रतिपिंडांची जनुकं. झाकण बसतं, पंप घरघरतो, पानांतली हवा बुडबुडे होऊन निघून जाते. पंप थांबला की रिकाम्या झालेल्या पानांत द्रव भसकन शिरतो. रोपं वर येतात ती काळपट, जड, निथळणारी. मग आठवडाभर पानं गुपचूप प्रतिपिंडं बनवतात. तुम्ही कितीही घाई करा, त्यांना काही फरक पडत नाही.

कापणीच्या दिवशी यायला हवं. यंत्राच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कडबाकुट्टीतून ओला चारा निघताना येतो तसा वास नाकात भरतो. पानांचा दाट हिरवा रस गाळत, शुद्ध करत नेला की हिरवेपणा पार निघून जातो आणि उरतं ते लहान लहान कुप्यांत मावतं. अशा तीन प्रतिपिंडांचं मिश्रण म्हणजे झीमॅप. ते अजून एकाही माणसाला टोचलेलं नाही. इबोला होतो गरिबांना, दूरच्या खेड्यांत, तोही अधूनमधून. अशा औषधाला गिऱ्हाईक नाही, म्हणून रोपंही मोजकीच लावली. औषध बनवायची विद्या हाताशी होती, पेरणीच तुटपुंजी होती. माझा जीव जळतो तो इथे.

चला, आता इबोलाची साथ पसरलेल्या सिएरा लिओनमधल्या कैलाहुनला. जुलैचा पाऊस, पायाखाली चिखल, सगळीकडे क्लोरीनचा डोळ्यांत झोंबणारा वास. इथल्या इबोला उपचार केंद्राच्या फ्रीजरमध्ये झीमॅपची एक पेटी आहे. त्याच केंद्रात देशातले नावाजलेले विषाणूज्वरतज्ज्ञ डॉ. शेख उमर खान इबोलानं आजारी पडलेत. द्यायचं की नाही यावर डॉक्टरांचा खल चालतो. आजवर कुणालाही न दिलेलं औषध यांना दिलं आणि ते दगावले, तर लोकांचा उरलासुरला विश्वास उडेल. शेवटी देत नाहीत. 29 जुलैला खान जातात. निर्णय घेणाऱ्यांची कोंडी मला कळते. पण खान स्वतः डॉक्टर होते, त्यांना विचारायला हवं होतं.

तीच पेटी लायबेरियाची राजधानी मनरोव्हियाला पोचते. तुम्हीही संरक्षक पोशाख चढवा. हातमोज्यांवर हातमोजे, गमबूट, गॉगल. काही मिनिटांतच घाम पाठीवरून बुटात उतरतो, श्वास मास्कला अडतो. इबोलानं आजारी पडलेल्या अमेरिकन मदतकार्यकर्त्या नॅन्सी रायटबोल यांच्या काखेत गोठलेल्या कुप्या ठेवल्या आहेत. ऊब लागून औषध वितळायला हवं, पण गरम करून चालत नाही. तेवढ्यात दुसऱ्या घरात त्यांचे तितकेच आजारी अमेरिकन सहकारी डॉ. केंट ब्रँटली यांना धाप लागते. ‘आधी त्यांना द्या’ म्हणणारे ब्रँटली आता स्वतःसाठी मागतात. कुपी तिकडे धावते. थेंब शिरेत उतरू लागतात आणि त्यांचं अंग थरथर कापायला लागतं. मग हळूहळू श्वास मोकळा होतो. सकाळी ते आपल्या पायांनी अंघोळीला जातात!

टाळ्या वाजवाव्याशा वाटतील, पण थांबा. एका माणसावरून औषध सिद्ध होत नाही. काही दिवसांनी लायबेरियातल्या तीन आरोग्यकर्मींनाही झीमॅप मिळतं. त्यांतले डॉ. अब्राहम बोर्बोर सुधारताहेत असं वाटत असतानाच जातात. पुढे काही वर्षांनी काँगोत तुलना झाली तेव्हा इतर दोन प्रतिपिंड-औषधं याच्यापेक्षा सरस ठरली. पण आज, या ऑगस्टमध्ये, ती तुलना कुणाजवळ नाही आणि झीमॅपही संपलंय. नवीन रोपं वाढवून पुढचा साठा हाती यायला काही महिने लागणार.

आता पोशाख काढा, सावकाश, हातांवर क्लोरीनचं पाणी घेत घेत, आणि उपचार केंद्राच्या फाटकाशी या. टॅक्सीच्या मागच्या सीटवर कुणीतरी निपचित पडलंय. पावसात भिजलेले नातेवाईक गजांतून हात घालून ओरडताहेत. बहुतेकांनी झीमॅपचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. त्यांना हवीय फक्त एक खाट, आणि रखवालदार पुन्हा पुन्हा सांगतोय की आत जागा नाही.