साडेअकरा पौंड

आपल्या सटाण्याच्या शेजारी, मालेगाव तालुक्यात, कवळाणे नावाचं गाव आहे. तिथला गोपाळ हा शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा सयाजीराव झाला. याच राजाने १९१३ साली बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडलं. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. मला ती रास्तच वाटते. मुलगा शिकून आला तर त्याची विद्या घरच्यांच्या कामी नको का यायला?

भीमराव १९१५ साली एम. ए. झाले, पुढे लंडनलाही गेले. मुदत सरली, तेव्हा तिथला अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या सप्टेंबरात करार पाळायला बडोद्यास आले. आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळेना! पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. कचेरीतले शिपाई तर कागद लांबूनच टाकीत. ते मुंबईस परतले.

अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले. या खेपेस जवळ होती पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज.