मामा तलावातील मत्स्यसंचयन

भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांत, एकमेकांच्या वाटेत न येणाऱ्या जातींचे मासे निवडून त्यांची बोटुकली ठरावीक प्रमाणात सोडण्याची पद्धत. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे जोडून 'मामा तलाव' हे नाव सरकारी कागदांत आले आणि पुढे सर्वत्र रुळले. गावात मात्र लहान असेल तर ती बोडी आणि मोठा असेल तर नुसता तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने त्यांतले कितीतरी बांधले, ते धानाच्या पाण्यासाठी. मासे हे तलावांचे दुसरे उत्पन्न, आणि ते ढिवर या मच्छीमार समाजाचे. 1951 मध्ये मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे सिंचन खात्याकडे गेले. मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतो. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखे नावाजलेले तलाव तिकडे गेले. तरी साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांत आजही गावागणिक पाळ दिसते.

पूर्वी या तलावांत कोणी मासे सोडत नसे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यावरून पाणी वाहू लागले की नाल्यातले मासे प्रवाहाविरुद्ध चढत आणि तलावात, बांध्यांत अंडी घालत. मरळ, मागूर, शिंगी, वाम, टेंगरा, खवली, झिंगे अशी सरमिसळ आपोआप जमे. सोडण्याचे मासे आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रोहू, कटला आणि मृगळ हे प्रमुख कार्प मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे वीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे नदीतून गोळा केलेल्या बीजावर सगळी भिस्त असे, आणि त्या बीजात कोणत्या जातीचे किती पिल्लू आहे हे कोणालाच सांगता येत नसे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प मासे विण्यास भाग पाडले. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर हव्या त्या जातीचे बीज वेगवेगळे मिळू लागले. आपल्या तलावात कोण कोणाबरोबर राहील, हे माणसाने ठरवणे शक्य झाले ते तेव्हापासून.

निवडीचे मूळ सूत्र माशाच्या तोंडात आहे. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले; तो वरच्या पाण्यातले सूक्ष्म प्राणी टिपतो. रोहूचे तोंड थोडे खाली झुकलेले, ओठांना झालर. तो मधल्या पाण्यात राहतो आणि काड्यापानांवर बसलेले शेवाळ, कुजट वनस्पती खरवडून खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस. त्याचा चारा तळच्या गाळात. तिघांची पोटे वेगवेगळ्या थरांतून भरतात, म्हणून एकाच पाण्यात तिघे पोसले जातात आणि एकट्या रोहूपेक्षा तिघांचे मिळून उत्पादन जास्त निघते. प्रचलित प्रमाण कटला 40, रोहू 30 आणि मृगळ 30 टक्के असे सांगतात. हे प्रमाण खोल, वर्षभर पाणी टिकणाऱ्या तलावाला धरून आहे. गाळ भरून उथळ झालेल्या बोडीत वरचे पाणी आणि तळचे पाणी यांत हातभराचे अंतर उरते. तिथे कटला कमी करून रोहू आणि मृगळ वाढवावा.

1971 नंतर देशभर समन्वित प्रयोग होऊन सहा जातींची मिश्र मत्स्यशेती रुजली. तिच्यात वरील तिघांसोबत तीन परदेशी जाती आल्या: चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस. चंदेरा जपानमधून आणि गवत्या हाँगकाँगमधून 1959 मध्ये कटकला आणला गेला. सायप्रिनस त्याआधीच, 1939 मध्ये, निलगिरीत पोचला होता. पुस्तकात हे सहा जण उत्तम जुळतात. चंदेरा पाण्यातले सूक्ष्म शेवाळ खातो, गवत्या पाणवनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरतो. शिवाय गवत्याच्या विष्ठेचे खत होते आणि त्यावर इतरांचे अन्न वाढते. शेततळ्यात, जिथे पाणी आपले, खाद्य आपले आणि वर्षाअखेर तळे रिकामे करता येते, तिथे हा हिशेब बरोबर उतरतो.

मामा तलावात तो तसा उतरत नाही, आणि नवख्या संस्थेचे पैसे बुडतात ते इथेच. चंदेरा आणि कटला दोघेही वरच्या पाण्यातले. चंदेरा भराभर वाढतो आणि कटला मागे पडतो. बाजारात दर मात्र कटल्याला जास्त, आणि चंदेरा पाण्याबाहेर काढला की लवकर खराब होतो. सायप्रिनस मृगळाच्या चाऱ्यात वाटेकरी होतो, पाळीची माती उकरतो आणि तलावातच वितो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी आपण किती मासे सोडले आणि किती आपोआप झाले याचा मेळ लागत नाही. सर्वांत मोठा प्रश्न गवत्याचा. तो इतर माशांच्या वाटेला जात नाही, म्हणून त्याला गरीब समजतात. पण दिवसाला स्वतःच्या वजनाइतकी, कधी त्याहून जास्त वनस्पती तो फस्त करतो, आणि सुरुवात करतो ती कोवळ्या, बुडालेल्या वनस्पतींपासून. गावठी मासे अंडी चिकटवतात, पिले लपवतात आणि किडे शोधतात ते याच वनस्पतींत. तलावाचा तळ बोडका झाला की खवली आणि टेंगरा आधी दिसेनासे होतात, मागोमाग त्यांच्यावर जगणारी मरळ. उरते ते बेशरमाचे झुडूप, ज्याला गवत्याही तोंड लावत नाही. माशांचे माशांशी जमते का एवढेच पाहून भागत नाही, त्यांचे तलावाशी जमायला हवे. या विषयावरच्या पुस्तिकांत हे वाक्य सहसा सापडत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन पूर्व विदर्भातल्या या तलावांवर जे काम केले, त्याचा भर नेमका इथे आहे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने राहतो, हे ज्ञान मुळात ढिवरांचेच. त्याच्या आधारे बेशरम मुळासकट काढणे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळात नांगर फिरवणे, पावसाळ्यात पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि गावठी मासे परत आणणे असा हा क्रम आहे. या कामात महिला बचत गट पुढे राहिले. तलाव कोणी लावतो, ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते. पण धानाची रोवणी करणाऱ्या हातांना चिखलात काडी खोचणे नवे नाही.

भक्षक माशांबाबत दोन मते आहेत. मत्स्यशेतीची पुस्तके सांगतात की बीज सोडण्यापूर्वी मरळ, शिवडा यांचा नायनाट करावा, आणि त्यासाठी हेक्टरी 2,500 किलो मोहाची ढेप टाकावी. ढेपेतल्या सॅपोनिनमुळे मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरतो आणि पुढे ढेपेचे खत होते. भंडाऱ्याच्या जंगलपट्टीत मोह मुबलक, म्हणून हा उपाय सोपा वाटतो. शेततळ्यात तो करावा. मामा तलावात करू नये: तिथे गुरे पाणी पितात, गावाचा निस्तार, म्हणजे रोजचा पाणीवापर, चालतो, आणि ज्या मरळीला आपण शत्रू म्हणून मारतो तिला जिवंत विकली तर रोहूपेक्षा चांगला दर मिळतो. मरळ, मागूर आणि शिंगी हवेतून श्वास घेऊ शकतात. पाणी आटले, प्राणवायू कमी झाला तरी ते चिखलात तग धरतात आणि रोहू-कटला मेल्यानंतरही हातात काही उत्पन्न ठेवतात. त्यांना मारण्यापेक्षा बीज मोठे सोडणे शहाणपणाचे.

बीजाच्या आकाराला यासाठीच महत्त्व आहे. अंड्यातून निघून तीन-चार दिवस झालेले पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. इंच-दीड इंचाचे झाले की ते मत्स्यबीज, आणि दोन इंचांपुढे बोटुकली. जिरे स्वस्त पडतात, म्हणून पहिल्या वर्षी लाखांनी आणून थेट तलावात ओतण्याचा मोह होतो. तो मरळीचा पाहुणचार ठरतो. जिरे पाळीलगतच्या छोट्या खड्ड्यात किंवा बारीक जाळीच्या पिंजऱ्यात वाढवून तीन-चार इंचांची बोटुकली करावी आणि मगच सोडावी. खाद्य घालून सांभाळलेल्या तळ्यात हेक्टरी 5,000 बोटुकली हा रूढ आकडा आहे. खाद्य न घालता निसर्गावर सोडलेल्या मामा तलावात तो निम्म्यावर आणला तरी मासे कमी होत नाहीत, उलट मोठे होतात. क्षेत्र मोजताना सातबाऱ्यावरचे नव्हे, मार्चमधले धरावे. दसऱ्याच्या सुमारास धानाला पाणी सुटते आणि होळीपर्यंत पुष्कळ तलाव अर्धेअधिक आटलेले असतात. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्दसारख्या धरणाच्या जलाशयाला यातले कोणतेच गणित लागू नाही.

काही जाती कोणत्याही जोडीत बसत नाहीत. चिलापी तोंडात अंडी उबवतो, वर्षातून अनेकदा वितो आणि तलावभर हाताच्या बोटाएवढ्या माशांची गर्दी करतो. एकदा शिरला की निघत नाही. आफ्रिकी मागूर गावठी मागुरासारखाच दिसतो, पण आकाराने कितीतरी मोठा होतो आणि समोर येईल ते खातो. त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली, तरी 'थाई मागूर' या नावाने त्याचे बीज खपवले जाते. 'थाई' हा शब्द ऐकताच सौदा मोडावा.

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. समुद्रापासून इतक्या दूर, चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात भंडाऱ्यात खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी सांभाळायची तर पाणी थंड ठेवणारे यंत्र आणि न जाणारी वीज हवी. ती असेल, तर नवख्याने क्लाऊनफिशची एक जोडी आणि तळाशी राहणारा एखादा गोबी एवढ्यावर थांबावे. डॅमसेल स्वस्त मिळतो, पण जागेवर हक्क सांगून नंतर आलेल्यांना मारतो. ट्रिगरफिश खेकडे-झिंगे फोडून खातो. मँडरिन टाकीतले सूक्ष्म जीव संपले की उपाशी मरतो. भारतीय समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते विकत घेणेही गुन्हा आहे. तलाव असो वा टाकी, मासा कशाकडे तोंड करून खातो, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि जागा अडवतो का, हे आधी पाहायचे.

संचयन श्रावण-भाद्रपदात, सांडवा वाहणे थांबल्यावर करतात. आधी सोडलेले बीज पुरासोबत निघून जाते. बीज प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येते. सकाळी, ऊन चढण्यापूर्वी पिशव्या न फोडता पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवाव्यात, मग तोंड सोडून तलावाचे पाणी ओंजळ-ओंजळ आत घालावे आणि पिशवी तिरकी धरावी. चांगली बोटुकली ओतावी लागत नाही, ती आपणहून बाहेर पडते. सोडल्यानंतरच्या दिवसांत आभाळ भरलेले राहिले तर पहाटे एकदा पाळीवर जावे. मासे वर येऊन तोंडे उघडत असतील तर प्राणवायू कमी पडला आहे असे समजावे आणि खत, शेण घालणे थांबवावे.

बीज मोजण्याची रीत वाटीची आहे: एका वाटीतली पिले मोजायची आणि वाट्यांच्या संख्येने गुणायचे. पहिली वाटी विक्रेत्याला भरू देऊ नये, स्वतः भरावी, आणि मोजण्यापूर्वी पांढऱ्या थाळीत ओतून तोंडे पाहावीत. कटल्याच्या नावाखाली चंदेरा आला असेल तर तो तिथेच कळतो. चंदेऱ्याचे खवले बारीक आणि डोळे तोंडाच्या रेषेखाली असतात.