घाणा, पेंड आणि पामतेल

मंडळी, जागतिकीकरण म्हटलं की आपण १९९१ पासून सुरुवात करतो. गावच्या तेलघाण्याला मात्र जगाच्या बाजाराचा धक्का दोनदा बसला, म्हणून आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि नागपूर-वऱ्हाडकडचं जवसाचं बी मुंबई बंदरातून युरोपला जाऊ लागलं. तेल नव्हे हं, बी! बी गावात गाळलं तर मागे पेंड उरते. ती गाईबैलांपुढे जाते, शेण होऊन शेतात परतते. बी जहाजात चढलं की पेंडही गेली. १९३४ साली वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत सुधारलेला 'वर्धा घाणा' तयार झाला, त्यामागे हाच हिशेब होता. बैलघाण्याला मोठा मार तेलगिरण्यांनी दिला हे खरंच. पण गिरणी निदान तालुक्याला तरी होती.

दुसरा धक्का १९९४ चा. १९८६ च्या तेलबिया अभियानानंतर देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. अशा वेळी पामोलिनची आयात खुली झाली. शुल्क होतं ६५ टक्के. १९९८ पर्यंत ते १५ वर आलं. जागतिक व्यापार संघटनेने हे करायला लावलं, असं आपण सर्रास ऐकतो. सोयातेलावर आपले हात ४५ टक्क्यांना बांधलेले होते, पण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा होती. म्हणजे निर्णय दिल्लीचा. गरिबाच्या कढईत स्वस्त तेल पडलं, हेही आपण नाकारू नये. पण बंदरातून आलेल्या तेलाबरोबर पेंड येत नाही.

मराठवाडा-सोलापूरकडची करडई हटत गेली आणि बऱ्याच ठिकाणी सोयाबीन आलं. इथे एक तांत्रिक गोष्ट बघा. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, सोयाबीनमध्ये जेमतेम १८-२० टक्के. ते घाण्याला परवडत नाही. त्याला सॉल्व्हंटचा कारखाना लागतो. पेंड तिथेच निघते, कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशीही जाते. शेतकरी तेलबी पिकवतो, पण त्याच्या गावात ती गाळता येत नाही!

आज शहरांतून 'लाकडी घाण्याचं' तेल दामदुप्पट भावाने विकलं जातं. चांगलंच आहे, पण ते गिऱ्हाईक निराळं. खेड्यातल्या किराणा दुकानात पामतेलाचं पाकीटच असतं, आणि एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने सुमारे तीन आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आधीच भडकलेल्या भावाची काळजी त्याही दुकानात पोचली.