वाट वारीची, पैसा पेट्रोलचा



शंभर वर्षांत आपली दिंडी बदलली ती माणसांनी, तशीच वाटेनेही. पूर्वीची वाट मातीची. पाऊस लागला की चिखलात बैलगाडीची चाकं रुतायची. विणेकरी पुढे आणि तंबूचं सामान मागेच राहायचं. आज डांबर आहे, टँकर आहे. पण ही वाट कुणाच्या पैशाने झाली, हा हिशेब दिंडीच्या इतिहासात लिहून ठेवला पाहिजे.

मोटारी वाढल्या तसा रस्त्यांचा खर्च प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला. म्हणून १९२७ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपले बॅ. मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. त्याप्रमाणे गॅलनमागे दोन आणे बसले आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. मात्र वाटणीत एक मेख होती. जिथे पेट्रोल जास्त खपे, त्या प्रांताला वाटा जास्त. म्हणजे मोटार असेल तिथे पैसा. बैलगाडी आणि पायी चालणारा कुणाच्या हिशेबातच नाही.

१९४३ साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण रस्ते अशी विभागणी तिथे ठरली. शेतीच्या चांगल्या मुलखातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं, हेही ठरलं. खेड्याचं नाव आराखड्यात आलं ते असं. पुढे राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे दिले आणि बाकीचे रस्ते राज्यांकडे. १९५६ साली महामार्गांचा कायदा झाला. २००० साली रस्ते निधीला कायद्याचा आधार मिळाला आणि पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातला वाटा खेड्यांच्या रस्त्यांनाही मिळू लागला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना त्याच वर्षीची.

आता आपली वाट. दिवेघाट ते मोहोळ हा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी मार्ग सुमारे २२१ किलोमीटर, आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा तुकाराम महाराजांचा सुमारे १३०. दोन्ही राष्ट्रीय महामार्ग झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज अनुक्रमे ६,६९० कोटींहून अधिक आणि सुमारे ४,४०० कोटी. त्या आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट धरली आहे. मोटारीसाठी उभ्या राहिलेल्या निधीच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही.

तरी एक खंत आहेच. रुंदीकरणात वडाची जुनी झाडं गेली, विसाव्याची सावली गेली. भर उन्हात अनवाणी चालणाऱ्या आजीला विचारा, तापलेलं डांबर काय असतं ते. शिवाय ज्यांच्या जमिनी या रस्त्यात गेल्या, त्यांच्याच ओसरीवर पिढ्यान् पिढ्या दिंड्या जेवल्या आहेत. त्यांचं ऋण मोबदल्याच्या रकमेने फिटत नाही.

दिंडीच्या ट्रकमध्ये आपण डिझेल भरतो, त्यातही हा उपकर जातो. म्हणजे वाट आपलीही आहे. पायवाटेवर गाड्या लावू देऊ नका, आणि प्रत्येक मुक्कामाला एक तरी झाड लावा. पुढच्या शंभर वर्षांच्या वारकऱ्याला पैसा सरकार देईल. सावली आपणच द्यायची आहे.

रामकृष्ण हरी!